गजभिये सरांचा ग्रीक शब्द

गढा भागातल्या त्या गल्लीत ट्रक शिरत नव्हता. ड्रायव्हरने माझं सामान गल्लीच्या तोंडाशीच उतरवलं, "मैडम, अब आप देख लो" म्हणाला आणि निघून गेला. मी ट्रंकेवर बसले. डोक्यावर जबलपूरचं मे महिन्यातलं ऊन, समोर कपाट, गादी, शेगडी आणि त्या गादीकडे आशेने बघणारी एक शेळी. तेवढ्यात एक उंच, वाळके गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, बटणं पार गळ्यापर्यंत लावलेली. हेच माझे घरमालक, गजभिये सर.

"कुठून आलात?" त्यांनी पुस्तकातल्यासारख्या मराठीत विचारलं.

"साताऱ्याहून. बँकेत आहे. ट्रान्सफर झाली."

"ट्रान्सफर," ते म्हणाले. "ट्रान्स म्हणजे पलीकडे, फेर म्हणजे वाहून नेणं. मूळ लॅटिन. म्हणजे कोणीतरी तुम्हाला उचलून पलीकडे आणून ठेवलं आहे."

"मला उचललं हो, पण सामान कोणी उचलत नाहीये."

सर हसले नाहीत. त्यांच्या मागून, गल्लीच्या आतल्या बाजूने एक खणखणीत आवाज आला.

"अजी, काहून त्या बाईले उन्हात शिकवून राहिले? आधी पाणी तर द्या!"

"शिकवत आहात, असं म्हण," सर मान न वळवता म्हणाले. "शिकवून राहिले, हे मराठी नव्हे."

"हाव, नसंन," म्हणत त्यांच्या पत्नी, शकूकाकू, पुढे आल्या. त्यांनी माझ्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला हाक मारून त्याच्या हातगाडीवर माझं सामान चढवलं. गादी शेळीच्या तोंडातून काढून घेतली तीही त्यांनीच. सर गाडीच्या मागून चालत होते आणि 'फर्निचर' या शब्दाचं मूळ सांगत होते.

मी वरच्या मजल्यावर राहायला लागले. नवरा आणि मुलगी साताऱ्यात. संध्याकाळी बँकेतून आलं की खालून काकूंची हाक यायची, "ताई, एकट्या एकट्या काय जेवता? चलो, खाली या." मी खाली जायचे. काकू बोलायच्या, मी जेवायचे आणि सर दुरुस्त्या करायचे. काकूंनी 'मले' म्हटलं की 'मला', 'काहून' म्हटलं की 'का'. दुरुस्ती करताना त्यांच्या उजव्या हाताचं बोट हवेत एक छोटी आडवी रेघ मारायचं. कॉलेजात आयुष्यभर पेपर तपासल्यामुळे ते बोट आपलं आपणच हलत असे. काकू त्या बोटाकडे बघायच्यासुद्धा नाहीत. माझा मात्र एवढा संताप व्हायचा की एकदा मी मुद्दाम 'मले भाजी द्या' म्हणाले. सरांनी भाजी वाढली आणि रेघ मारली.

या बोटापायी माणसं सरांपासून लांब गेली होती. गल्लीतले लोक लग्नपत्रिका द्यायला यायचे ते सर फिरायला गेलेले बघून, कारण सर पत्रिका वाचून, त्यातल्या चुकांवर खुणा करून ती परत करत. पत्रिका छापून झालेली असे, त्याला ते तरी काय करणार? कॉलेजातले जुने सहकारी एकेक करून यायचे बंद झाले. बंगलोरला असलेला मुलगा आईशी तासभर बोलायचा आणि वडिलांशी "पापा, सब ठीक?" एवढंच. त्याला मराठी सगळी कळत होती, पण तोंड उघडलं की दुरुस्ती व्हायची, म्हणून त्याने लहानपणीच हिंदी धरली ती धरलीच.

एकदा मी सरांबरोबर जबलपुरातल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात गेले होते. तिथे मालिश आणि शेक देणारं एक दुकान आहे. बाहेरच्या इंग्रजी पाटीवर 'थेरपी'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं. सर थांबले. मी म्हटलं, सर, चला. सर आत गेले. आत एक पैलवान एका म्हाताऱ्याच्या पाठीवर तेल चोळत होता. सरांनी त्याला हिंदीत, अगदी अदबीने, अक्षर कुठे चुकलं ते सांगितलं. मग शब्द ग्रीक आहे हे सांगितलं. पैलवानाचे हात थांबले नाहीत. तो म्हणाला, "अंकल जी, इधर लोग कमर लेके आते हैं, डिक्शनरी लेके नहीं."

पालथा पडलेला म्हातारा खदखदून हसला. मीही हसले. परत येताना सर रिक्षात म्हणाले, "मॅडम, माझे वडील भंडाऱ्याहून इथे फॅक्टरीत मजुरीला आले. मला शाळेत घातलं. मी वाचायला उभा राहिलो की मास्तर खुर्चीत पुढे सरकून बसत. मी कुठे चुकतो ते ऐकायला. आणि चुकलो की म्हणत, तुमच्याकडून आणखी काय होणार. म्हणून मी ठरवलं, माझ्या तोंडातून चूक बाहेर पडणार नाही. आमच्यासारख्याला चुकून चालत नाही."

ते बोट हवेत कशासाठी हलतं हे त्या दिवशी मला कळलं. म्हणून माझा संताप गेला असं नाही, पण त्यानंतर मी त्यांना 'मले' म्हणून चिडवलं नाही.

काकू विहाराच्या महिला मंडळात होत्या. रविवारी पांढरी साडी नेसून वंदनेला जायच्या, बायकांना गोळा करायच्या, कोणाचं आजारपण, कोणाचं बाळंतपण बघायच्या. भाषण मात्र कधी केलेलं नव्हतं. एका रविवारी मंडळाने त्यांनाच बोलायला सांगितलं. विषयही त्यांनीच घेतला, आजारी माणसाची सेवा. आठवडाभर त्या जिन्यात मला गाठून भाषणाची सुरुवात म्हणून दाखवत होत्या.

"ऐका ताई. थेर म्हणजे आपले वडीलधारे भिक्खू. थेरी म्हणजे भिक्खुणी. ते आजाऱ्याच्या उशाशी बसत. आता डॉक्टर लोक थेरपी थेरपी म्हणून राहिले, तो शब्द आपल्या थेरांपासूनच निघाला. कसं आहे?"

"छान आहे. पुढे?"

"पुढचं विहारात ऐकजा. सगळं इथंच सांगितलं तं तिथं टाळ्या कोण वाजवंन?"

"लिहून ठेवलंय ना पण?"

"बाप्पा! या घरात कागद दिसला का लाल पेन निघते. डोक्यात आहे सगळं."

शब्दाचं मूळ त्यांनी स्वतः शोधलं होतं. नवऱ्याच्या तोंडून मुळं ऐकत जन्म गेला, आता एक मूळ आपल्यालाही सापडलं याचा त्यांना इतका आनंद झाला होता की मला काही शंका घ्यावीशी वाटली नाही. आणि शंका घेण्याएवढं मला कळत तरी कुठे होतं?

विहारात गर्दी चांगली होती. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. काकू माईकसमोर उभ्या राहिल्या. पहिली दोन वाक्यं थरथरली, मग आवाज सापडला. थेर झाले, थेरी झाल्या. "तो शब्द आपल्या थेरांपासूनच निघाला," म्हटल्यावर खरोखर टाळ्या पडल्या. काकूंचा चेहरा असा फुलला की त्या मला एकदम तरुण दिसल्या. टाळ्या थांबल्यावर त्यांनी श्वास घेतला आणि म्हणाल्या, "म्हणून मी म्हणते..."

"एक मिनिट," उजवीकडून आवाज आला.

सर उभे होते. बोट वर होतं.

"हे चूक आहे. हा शब्द पालीतून आलेला नाही. ग्रीक आहे. थेरापेइया. त्याचा अर्थ सेवा, शुश्रूषा. त्याच्याही मागे थेरापॉन. म्हणजे जवळ राहून सेवा करणारा, सोबती. आवाज सारखा आला म्हणून मूळ एक होत नाही. लोक उद्या हसतील आपल्याला." मग त्यांनी माईककडे बघून मान हलवली. "हं. चालू दे."

काकू तशाच उभ्या होत्या. माईकमधून नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "झालं माझं," आणि माईक शेजारच्या बाईच्या हातात देऊन खाली बसल्या. कोणीतरी घाईघाईने "साधु, साधु, साधु" म्हटलं. विहाराचे सचिव बाहेर चपला घालताना सरांना म्हणाले, "सर, तुमचं ग्रीक आज घरी ठेवायचं होतं." सर म्हणाले, "म्हणजे चूक तशीच जाऊ द्यायची?"

सर बरोबर होते, हे मला सांगायलाच हवं. मी नंतर विचारून खात्री केली. शब्द ग्रीकच आहे.

त्या दिवसानंतर काकू भांडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "जाऊ द्या ताई. ते बरोबरच असतात." फक्त घरातलं बोलणं आटलं. खालून आवाज यायचे ते भांड्यांचे. "जेवण वाढलं," "दूधवाला आला," एवढीच वाक्यं, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसायचं. मंडळात त्या जात राहिल्या, पण बोलायला सांगितलं की हात जोडायच्या. काही महिन्यांनी एका सकाळी त्या ओट्यापाशी पडल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं.

हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, त्यांना कळतं सगळं, पण शब्द हाताशी येत नाहीत. आलाच तर भलताच येतो. बोलणं शिकवायला निधी नावाची एक मुलगी यायला लागली. इथलीच, गढ्याच्या पलीकडे राहणारी, स्कूटीवरून यायची. ओमती भागातल्या कुठल्याशा दवाखान्यात बसायची आणि तिथून सुटली की इकडे. तिने पहिल्या दिवशी कपाचं चित्र काकूंपुढे धरलं. काकूंनी बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाल्या, "भाकर."

"कप," मागून सर म्हणाले. "शकू, कप. क, प."

काकूंनी तोंड मिटलं. ते त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी निधीने चित्रं खाली ठेवली. "अंकल जी, आप बाहर बैठिए. प्लीज."

मी बँकेतून येत होते तर सर स्वतःच्या घराच्या पायरीवर बसलेले. मी आपली थांबले. मग बसलेच त्यांच्याजवळ. आतून निधीचा आवाज येत होता, काकूंचा येत नव्हता.

"ती मुलगी थेरपिस्ट आहे," सर म्हणाले. "आणि मला बाहेर काढलं. मी वर्गात शिकवत असे, थेरापॉन म्हणजे नोकर नव्हे. जुन्या ग्रीक कथांमध्ये तो वीराचा सोबती असतो. त्याचा रथ हाकतो, संध्याकाळी त्याला जेवायला वाढतो. कथेत तो फारसा बोलत नाही. जवळ असतो. सगळं पाठ होतं मला."

काहीतरी बरं बोलावं म्हणून मी म्हटलं, "असं नका म्हणू सर. काकूंची शुश्रूषा तुम्हीच तर करताय. अंघोळ, औषधं, भरवणं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मी कुठेतरी चुकले, आता बोट वर होणार.

"शुश्रूषा," ते म्हणाले. "याचं मूळ माहीत आहे?"

"नाही."

"श्रु म्हणजे ऐकणं. शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ मागून आला. आधी, ऐकायची इच्छा." मग म्हणाले, "पालीतही आहे. सुस्सूसा. मॅडम, तिनं पालीतच शोधलं होतं. शब्द चुकला, घर बरोबर होतं. मी त्या दिवशी उभं राहून हे सांगू शकलो असतो. विहारातच, ग्रीक अर्थ सांगताना, शुश्रूषा हा शब्द मी स्वतः उच्चारला. आणि मला त्याचं मूळ आठवलं नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "जिन्यात ती तुम्हाला भाषण म्हणून दाखवायची ना? 'म्हणून मी म्हणते'च्या पुढे काय होतं?"

मी सांगितलं की पुढचं मला माहीत नाही. विहारात ऐका म्हणाल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात कळलं की सर मंडळातल्या बायकांकडे एकेकीकडे जाऊन तेच विचारत होते. ज्या घरांना त्यांनी पत्रिका परत केल्या होत्या त्याच घरांत जाऊन, दारात उभं राहून, शकूचं पुढचं वाक्य काय होतं तुम्हाला ठाऊक आहे का, म्हणून. कोणालाच ठाऊक नव्हतं. एकीने मला सांगितलं, "बाई, मले तं रडूच आलं. पण मी तरी काय सांगू त्याइले?"

आता ते वाक्य फक्त काकूंकडे होतं, आणि काकूंकडे शब्द नव्हते.

सरांनी मग निधीपुढे हात जोडले. मला कसं बसायचं ते शिकव, म्हणाले. निधी जेमतेम त्यांच्या नातीच्या वयाची. तिने त्यांना पलंगाहून उंच खुर्चीवर बसायला मनाई केली, म्हणून त्यांनी माझं स्वयंपाकघरातलं ठेंगणं स्टूल मागून नेलं. बरोबर काय ते सांगायचं नाही. काकूंच्या तोंडचा शब्द आपण पुरा करायचा नाही. घाई करायची नाही. "आंटी जी रुक जाएँ तो बस इतना पूछिए, फिर?" सरांनी त्याचं मराठी केलं, "पुढे?" संध्याकाळी जिना चढताना मला खालून तेवढा एकच शब्द ऐकू यायचा. ज्या माणसाच्या तोंडी जन्मभर 'चूक' होतं, तो ठेंगण्या स्टुलावर गुडघे पोटाशी घेऊन म्हणत होता, "पुढे?"

हळूहळू काकूंचे शब्द यायला लागले, भलत्याच जागी का होईना. औषधाला त्या 'पोळा' म्हणत. मला 'बँक' म्हणत, आणि ते काही फारसं चूक नव्हतं. एका संध्याकाळी बाहेर स्कूटीचा आवाज आला तशा काकू मान वळवून स्पष्ट म्हणाल्या, "थेरी आली."

मी तिथेच होते. निधी दारातून आत येत होती. सरांचं बोट गुडघ्यावरून उचललं गेलेलं मी पाहिलं. हवेत अर्धं वर गेलं. मग सरांनी दुसऱ्या हाताने ते धरलं आणि मांडीवर दाबून ठेवलं.

"हो," ते म्हणाले. "थेरी आली."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, ती नजर बराच वेळ हलली नाही. त्यांना विहार आठवला की नाही, मला सांगता येणार नाही. तोंडाचा एकच कोपरा हलू शकत होता, तो हलला. निधीला वाटलं हे थेरपिस्टचं लाडाचं नाव आहे, ती खूश झाली. त्या दिवसापासून त्या घरात ती थेरीच झाली. सरही तिला फोनवर विचारायचे, "थेरी बेटा, आज किती वाजता येणार?"

आणि मग तो दिवस. रविवार होता, मी खालीच भाजी निवडत बसले होते. काकू खिडकीकडे बघत होत्या. अचानक म्हणाल्या, "म्हणून."

सरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"म्हणून मी," काकू म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता. "म्हणून मी... म्हणते..."

सर स्टुलावरून इतके पुढे सरकले की स्टूल कलंडतं की काय असं मला वाटलं. "पुढे?" ते म्हणाले. "शकू, पुढे?"

काकूंचे ओठ किती तरी वेळ हलत राहिले. कुकरची शिट्टी झाली तरी मी गॅस बंद करायला उठले नाही.

"चहा," काकू म्हणाल्या.

मला हसू फुटलं. मला आवरताच आलं नाही. काकू माझ्याकडे बघून हसल्या, त्या अर्ध्या तोंडाने. सरही हसले. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं, आणि हसता हसता त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग ते उठले आणि चहा करायला गेले. मी मदतीला गेले तर आधणाकडे बघत म्हणाले, "चहाच हवा असेल. कदाचित नसेलही. पण मागितला तर द्यायचा."

तो चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकर घालून, चमच्याने भरवला. त्यानंतर काकूंच्या तोंडी ते वाक्य पुन्हा आलं नाही. थंडीत त्यांना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या.

मुलगा आला, राहिला, "पापा, चलो मेरे साथ" म्हणाला. सर गेले नाहीत. मी वर, सर खाली. काकूंच्या हाका नसलेल्या त्या घरात संध्याकाळ कशी जायची ते मला सांगवत नाही. मी खाली जेवायला जात राहिले. सर वाढायचे. मी बँकेतलं, मुलीचं, काहीबाही बोलायचे, भाषेकडे लक्ष न देता. दुरुस्ती व्हायची नाही. मला वाटायचं, व्हावी. एकदा मी इतक्या दिवसांनी मुद्दाम 'मले' म्हणाले. सरांनी नुसतं भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं.

माझी बदली परत साताऱ्याला झाली. निघायच्याच दिवशी, रविवारी सकाळी, सर म्हणाले, महिला मंडळाचा कार्यक्रम आहे, येता का? काकू गेल्यावर ते दर रविवारी विहारात जायला लागले होते. पुरुषांच्या बाजूला, पण अगदी कडेला, बायकांचं बोलणं नीट ऐकू येईल असं बसायचे.

त्या दिवशी रोशनी नावाची एक नवी सून बोलायला उभी राहिली. इथेच वाढलेली. मराठी समजणारी, पण बोलताना अडखळणारी. "सबको जय भीम. मी पहली बार बोलून राहिली," तिने सुरुवात केली. "आपल्या शकूआजी होत्या ना, त्या म्हणायच्या का थेरपी हा शब्द, वो जो थेर होते थे, त्यांच्यापासून..."

आणि ती थांबली. तिची नजर सरांवर पडली होती. सगळ्या बायकांनी माना वळवल्या. सचिवांनी डोळे मिटून घेतले. सर उठून उभे राहत होते.

उभं राहायला त्यांना वेळ लागला. मी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात वर गेला आणि कानामागे थांबला.

"बोल बेटा," सर म्हणाले. "पुढे बोल. मी ऐकून राहिलो."

ऐकून राहिलो. हे मराठी नव्हे म्हणून ज्यांनी काकूंना जन्मभर टोकलं, ते भर विहारात तेच बोलले, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला.

रोशनीचा जीव भांड्यात पडला. तिने भराभर वाक्य पुरं केलं. "म्हणून मी म्हणते..." असंच तिने म्हटलं, अगदी तेच शब्द, आणि सरांची मान एकदम पुढे झाली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो मी विसरू शकत नाही. "म्हणून मी म्हणते, अगले संडे को शुगर-बीपीचा कॅम्प आहे, सगळ्यांनी या. धन्यवाद."

टाळ्या झाल्या. साधु, साधु झालं. बायका उठल्या, चहाचे कप फिरायला लागले, कोणीतरी माईकची वायर गुंडाळायला घेतली. मला गाडीची वेळ गाठायची होती. मी दारातून हात जोडले, पण सरांचं लक्ष नव्हतं. ते अजून तसेच उभे होते, हात कानामागे, तोंड त्या बंद माईककडे.